बर्फातली चंपाषष्ठी

पोर्ट ऑलिव्हर, कॅनडा
६ जानेवारी १९२८

रंभाआक्कास,

जयसिंगचा तुझ्या आणि आईच्या पायांवर माथा. पत्र आईला वाचून दाखव, पण वाचताना मध्ये तुझी वाक्यं घालू नकोस. मागच्या खेपेला 'जयसिंग फार वाळला आहे' हे तू घातलं होतंस, मी नव्हतं लिहिलं. वडिलांनी तुला पौडच्या शाळेत धाडलं ते माझ्यावर पाळत ठेवायला. ते काम तू अजून सोडलं नाहीस.

लढाईला गेलेले सगळे परतले, तूच तेवढा कुठं अडकलास, असं तू रागानं विचारलंयस. अडकलो कुत्र्यांत. फ्रान्समध्ये मी ज्यांच्या हाताखाली खेचरं हाकली, ते हॅलोरन कॅप्टन मला आपली घोडी सांभाळायला इकडं घेऊन आले, एवढं तुला ठाऊक आहे. आता घोडी तबेल्यात उभी असतात आणि मी कुत्री जुंपतो. हसू नकोस. इथं वर्षातले पाच महिने जमीन दिसत नाही. बर्फावर बिनचाकी गाडी चालते आणि ती कुत्री ओढतात. डॉक्टर, टपाल, लाकडं, सगळं त्यांच्या जिवावर.

इथली कुत्री वासराएवढी. कॅप्टनांनी मात्र सैबेरियातली आणली, रशियाच्या पार पलीकडच्या टोकाची. आधी बोटीनं, मग आगगाडीनं, डझनभर आली. गावानं पाहिलं आणि हसून हसून पोट धरलं. "कॅप्टन, हे कोल्हे कुठून धरलेत?" अंगानं लहान, डोळे निळे, शेपूट पाठीवर वळलेलं. पण आक्का, जुंपली की दिवसभर पळतात आणि संध्याकाळी मूठभर सुक्या मासळीवर खूश. आपल्या मावळी बैलाला देशावरचे बाजारात हसतात ना, आणि भातलावणीच्या चिखलात त्यांचेच थोराड बैल बसतात? तसंच. मला तर पहिल्या दिवशीच ही आपली माणसं वाटली.

त्यांची खरी नावं इथं कुणाच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून मी बैलांची ठेवली आहेत. पुढं धावते ती ढवळी. तिच्याइतकं शहाणं जनावर मी पाहिलं नाही, आणि त्यात आपला पवळ्याही आला.

कॅप्टनांनी ध्यास घेतलाय की ही जात या मुलखात रुजली पाहिजे. खरं सांगू, आता तो माझाच ध्यास झालाय. ही कुत्री इथं घरची झाली, लोकांनी आपली म्हटली, की त्या दिवशी मी बोटीचं तिकीट काढतो. आईला हा माझा शब्द सांग.

घरच्या बाजूला कसं आहे? ओढ्याकडचं खाचर यंदा कुणी केलं? धरणाची भिंत कुठवर आली? तुम्ही बायका भिंतीच्या पायात जाऊन बसलात, येरवड्याला जाऊन आलात, हे मी इथं कॅप्टनांना चारचारदा सांगितलंय. ते म्हणाले, तुझ्या बहिणीला आमच्या पलटणीत घ्यायला हवं होतं.

तुझा,
जयसिंग

*

मुळशी
२६ फेब्रुवारी १९२८

जयसिंगास,

आक्काचा आशीर्वाद. तू वाळलास की नाही ते मला तुझ्या अक्षरावरून कळतं, म्हणून मी घातलं. पुढंही घालीन.

पत्र वाचायला बसले तेव्हा नेहमीप्रमाणे निम्मा गाव गोळा झाला. 'कुत्री जुंपतो' इथं आले आणि गेणबातात्यांनी विडी खाली ठेवली. "काय जुंपतोय?" "कुत्री." "सरकारनं लढाईत डोक्यात गोळी घातली काय त्येच्या?" पाटीलकी गेली तरी त्यांचं बोलणं पाटलाचंच आहे. तुझे दाजी हसत सुटले. ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला. तू आता रात्री भुंकतोस की काय, असं ते विचारतात.

आई मात्र हसली नाही. ती म्हणाली, "मुक्या जनावराचं करतोय, वंगाळ काय करतोय? त्येला म्हणावं, येताना अंगाला कुत्र्याचा वास नगं आणू."

बिरू धनगर मेंढरं घेऊन खाली आला होता, त्यालाही सांगितलं. तो गंभीर झाला. म्हणाला, "नव्या वाड्यावर कुत्रं न्हेलं तर आदी त्येला तितल्या माणसांच्या हातची भाकर द्याची. मालकाच्या हातची न्हाई. ज्याच्या हातचं खाल्लं त्येला त्ये परकं म्हनत न्हाई, आन् त्यो मानूस बी कुत्र्याला परकं म्हनत न्हाई." तुझ्या उपयोगाचं असेल तर घे.

घरचं विचारलंस. पाणी पाण्याच्या जागी आहे, आम्ही आमच्या जागी आहोत. आईचे गुडघे दुखतात. खाचराची काळजी तू तिथं बसून करू नकोस. आणि शब्द दिलास तो पाळ. नुसता परत येण्याचा नव्हे, कुत्री रुजवण्याचाही. अर्धं काम टाकून आलेला माणूस आपल्या घरात आजवर झालेला नाही.

रंभा

*

पोर्ट ऑलिव्हर
११ मे १९२८

रंभाआक्कास,

नमस्कार. तुझं पत्र आलं तेव्हा मी फार वाईट दिवसांत होतो, म्हणून उत्तराला उशीर.

आधी चांगलं सांगतो. ढवळी व्याली. सहा पिल्लं, सगळी धट्टीकट्टी. या मुलखात जन्मलेली ही या जातीची पहिलीच. मी कॅप्टनांना म्हटलं, ही आता सैबेरियाची नाहीत, ही इथलीच.

आता वाईट. गावाबाहेर डूली नावाचा म्हातारा शेतकरी आहे. त्याच्या पाच मेंढ्या रात्रीत कुणीतरी फाडल्या. त्या रात्री आमची कुत्री कुंपणात होती, मी स्वतः त्यांच्याजवळ निजलो होतो. पण कोण ऐकतो? आमची कुत्री भुंकत नाहीत, तोंड वर करून एकसुरात रडतात, लांडगा रडतो तशी. गावाचं म्हणणं, ही कुत्री नाहीतच, कॅप्टननं लांडगे पाळलेत. आधी कोल्हे होते, आता लांडगे झाले! आया पोरांना आमच्या रस्त्यानं जाऊ देत नाहीत. डूली बंदूक घेऊन फाटकावर आला होता. कॅप्टन लंगडत पुढं गेले आणि मी त्यांच्यापुढं उभा राहिलो.

शेवटी गावच्या पंचांनी ठरवलं. नोव्हेंबरात बर्फ धरला की एका शनिवारी सगळ्या गावासमोर कुत्री जुंपून दाखवायची. शहरातून श्वानमंडळाचे दोन गृहस्थ येतील. कुत्री कामाची आणि भरवशाची दिसली तर राहतील. नाहीतर बर्फ वितळायच्या आत गावाबाहेर काढायची, आणि नेणार कुठं? दुसरं कुठलंच गाव घेत नाही. म्हणजे गोळ्या घालायच्या. पिल्लांनासुद्धा.

आक्का, कधी कधी वाटतं, कशाला हा दुसऱ्याच्या मुलखातला तंटा? उठावं आणि आपल्या घरी, आपल्या ओसरीवर येऊन बसावं. तू लिही, येऊ का?

जयसिंग

*

मुळशी
२९ जून १९२८

जयसिंगास,

येऊ नकोस.

हे एवढं लिहून पत्र टाकणार होते, पण तुझे दाजी म्हणाले, पोरगं घाबरेल. म्हणून पुढं लिहिते. आईनं तुझं पत्र वाती वळत ऐकलं. मग म्हणाली, "त्या पिल्लांची आय काय म्हनंल? ह्यो मानूस आमाला हितवर घिऊन आला आन् आपून पळाला." आईचं आणि माझं इतकं एकमत गेल्या दहा वर्षांत झालं नव्हतं.

आपल्याला उठवायला आले तेव्हा आपण काय केलं? पोलीस आले, पुण्याचे पुढारी आले आणि गेले, आमच्यातले काही पैसे घेऊन गेले. मी गेले नाही. भिंत व्हायची ती झाली, पण 'तुमी कोण आमाला उठवनार' हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलंय आणि तेवढ्यावर मला रात्री झोप लागते. तूही म्हण. तुझं म्हणणं ऐकतील की नाही हे मला माहीत नाही. पण म्हणायच्या आत पळून आलास तर तुला ओसरी मिळणार नाही, हे नक्की माहीत आहे.

ओसरीचा विषय तू सारखा काढू नकोस. इथं सगळं ठीक आहे.

गेणबातात्या म्हणतात, "लांडगं म्हन्त्यात? मग त्यास्नी पंगतीला बशीव म्हनावं. पंगतीत बसल्यावर कोन लांडगा हाय त्ये कळतंच." ते आपल्या भाऊबंदांबद्दल बोलत होते, पण मला पटलं.

रंभा

*

पोर्ट ऑलिव्हर
२५ नोव्हेंबर १९२८

रंभाआक्कास,

आई, आक्का, दाजी, गेणबातात्या, सगळ्यांना बोलावून बसव आणि मग वाच. हे पत्र मी टेबलाशी नीट बसून लिहितोय, अंगात सदरा धुतलेला आहे.

शनिवार ठरला. बर्फ वीतभर पडला. मी रोज कुत्री पळवत होतो. अमावस्येनंतर आभाळ भरलेलं होतं, चंद्र दिसला नाही. गुरुवारी संध्याकाळी ढग फाटले आणि तळ्यावर कोर दिसली. मी सहज बोटांवर दिवस मोजले आणि हातातला पट्टा खाली पडला. दिवाळी होऊन महिना गेला, मार्गशीर्ष लागला, म्हणजे शनिवारी चंपाषष्ठी! खंडेरायाच्या कुत्र्यांचा मान. त्या दिवशी आपल्या दारातल्या लूत भरल्या कुत्र्यालासुद्धा आई आधी रोडगा घालते आणि मग आम्हाला. आणि मी त्याच दिवशी त्यांच्या गळ्यात पट्टे घालून त्यांना गाडीला जुंपणार?

मी कॅप्टनांना सांगितलं, शनिवारी जुंपणार नाही. रविवारी सांगा, सोमवारी सांगा, मला गाडीला जुंपा, पण शनिवारी ही कुत्री गाडी ओढणार नाहीत. कॅप्टन लाल झाले. "तुझ्या देवाला हाच दिवस सापडला? त्यांना गोळ्या घालतील, जयसिंग, कळतंय का?" मी म्हटलं, कळतंय. कळतंय म्हणूनच म्हणतो. मरायचंच असेल तर त्यांच्या मानाच्या दिवशी त्यांना राबवून मी मारणार नाही. त्यांनी काठी आपटली, मला नोकरीवरून काढलं, आणि तासाभरानं येऊन विचारलं, "तुझ्या त्या सणाला काय काय लागतं?"

आक्का, रात्रभर रोडगे भाजले. वांगं इथं या दिवसांत कुठलं? बटाटे निखाऱ्यात भाजून त्याचं भरीत केलं. इथं एका झाडाच्या रसाचा गूळ करतात, तो घेतला. आईनं लढाईला निघताना दिलेल्या पुरचुंडीतला भंडारा काढला. अंगणातला बर्फ लोटून पेंढा अंथरला. आणि मानाच्या पाहुण्याला कुणी बांधून ठेवत नाही, म्हणून सकाळी कुंपण उघडून सगळी कुत्री मोकळी सोडली.

गाव आलं. शहरातले दोन गृहस्थ आले. डूली आला, बंदुकीसकट. पाहतात तर गाडी नाही, जुंपणी नाही. कुत्र्यांच्या कपाळाला पिवळा भंडारा आणि मी हातात तळी घेऊन उभा. पंच ओरडले, "हे काय चाललंय?" कॅप्टनांनीच उत्तर दिलं. म्हणाले, "आज कुत्र्यांचा सण आहे. आज ती काम करत नाहीत. आणि यांच्या चालीप्रमाणे आज दारी आलेला माणूस जेवल्याशिवाय जात नाही. तेव्हा बसा." इतकी वर्षं मी त्यांना आपल्या चाली सांगत होतो, ते नुसते हुं हुं करत होते. सगळं लक्षात होतं बरं का.

थंडी मी म्हणत होती आणि रोडग्याचा वास सुटला होता. आधी पोरं बसली. मग पोरांना ओढून न्यायला आलेल्या आया बसल्या. मग पाद्री. हां हां म्हणता पेंढ्यावर पंगत बसली. मला बिरूचं सांगणं आठवलं. मी माझ्या हातानं एकाही कुत्र्याला घातलं नाही. दुधात कुस्करलेला रोडगा प्रत्येकाच्या हातात दिला आणि म्हटलं, आधी त्यांना, मग तुम्ही. ढवळी पंगतीच्या एका टोकापासून निघाली आणि एकेकाच्या हातचा घास अलगद उचलत गेली. आपल्या लग्नात विहीण येते ना, तशी. कुणाच्या बोटाला दात लागला नाही.

मी तळी उचलली आणि "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हटलं. पोरांना ते फार आवडलं, तीही ओरडायला लागली. आणि कुत्र्यांनी तोंडं वर करून तो सूर धरला, ज्याला सारं गाव भीत होतं. मी डूलीच्या बंदुकीकडं पाहिलं. पण पोरं खदखदून हसली. त्यांनी परत येळकोट केला, कुत्र्यांनी परत सूर धरला. मग तेच चाललं. पाद्री डोळे पुसत होता, हसून की कशानं देव जाणे.

डूली तेवढा उभा होता. मी त्याच्यापुढं रोडगा धरला. म्हटलं, आजोबा, तुमच्या मेंढ्या गेल्या, तुमचा राग खरा आहे. पण आजच्या दिवशी उपाशी जाऊ नका. तो बसला. गुडघ्यावर बंदूक आडवी, बाजूला टोपी. जेवून उठायला गेला तर टोपीत ढवळीचं धाकटं पिल्लू झोपलेलं. तो तसाच परत खाली बसला. एवढ्या थंडीत उघड्या डोक्यानं, पिल्लू उठेपर्यंत.

मतं घेतली तेव्हा कुत्री घालवा म्हणणारा एकही हात वर आला नाही. सोमवारी शहरातल्या गृहस्थांसाठी मी गाडी जुंपली आणि तळ्याला असा वेढा मारला की त्यांच्यातल्या एकाचा चष्मा उडाला. सहाही पिल्लं गावानं मागून घेतली. टोपीतलं डूलीकडं गेलं.

आक्का, कुत्री रुजली. मी आता तिकीट काढतो. ओसरी झाडून ठेव.

जयसिंग

*

उरवडे
८ जानेवारी १९२९

जयसिंगास,

वेड्या, यंदा श्रावण दोन होते!

अधिक महिना तुला कोण सांगणार तिथं? मीच लिहायला हवं होतं. दिवाळीनंतर महिना गेला असं तुला वाटलं, ती तुझी दिवाळीच चुकली होती. खरी दिवाळी त्या अमावस्येला झाली. तू चंपाषष्ठी केलीस तेव्हा इथं भाऊबीज होऊन चार दिवसही झाले नव्हते. आम्ही खरी षष्ठी महिन्यानंतर केली. हे मी मोठ्यानं सांगितलं तेव्हा गेणबातात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला. आई म्हणाली, "देवाला कशाचा आलाय म्हैना? कुत्री जेवली न्हवं?" आणि मग तुझं पत्र तिनं मला तीनदा वाचायला लावलं. पंगतीजवळ आलं की ती पदर डोळ्याला लावते आणि शेजारणीकडं बघते, ऐकतेय की नाही म्हणून. भावा, तू जे केलंस त्यानं माझी मान वर झाली आहे. हे तोंडावर मी कधी म्हणणार नाही, म्हणून लिहून ठेवते.

आता वर बघ. ठिकाण उरवडे लिहिलं आहे. आजवर मी मुळशी लिहीत आले, ते खोटं होतं. तुझं टपाल पौडवरून इथं आणवत होते.

ओसरी नाही, जयसिंग. तुझी कुत्री बोटीतून उतरायच्या आधीच्या पावसाळ्यात पाणी चढलं. आधी खाचर गेलं, मग देवळाच्या पायऱ्या, मग घर. आम्ही सामान, ढोरं आणि आईला घेऊन उरवड्याला आलो. पाणी आडवं आल्याशिवाय मी हलले नाही, एवढं मात्र झालं. तुला लिहिलं नाही, कारण तू सगळं टाकून धावत आला असतास. बघायला नुसतं पाणी होतं. तुझ्या कुत्र्यांचं तरी व्हायचं होतं. 'पाणी पाण्याच्या जागी, आम्ही आमच्या जागी' असं मी लिहिलं. त्यात काय खोटं होतं ते तूच ठरव.

इथं आम्हाला 'धरणातली' म्हणतात. विहिरीवर आमच्या बायकांचा नंबर शेवटी. गेणबातात्या पाटील होते, इथं त्यांना कुणी राम राम घालत नाही. गावाचं नाव ते घेतच नाहीत. कुणी काढलं तर उठून जातात.

हे सगळं वाचून तू रागावशील. रागाव. पण ये.

रंभा

*

पोर्ट ऑलिव्हर
२ मार्च १९२९

आक्का,

रागावलो. तुझं पत्र फाडलं, मग चिकटवलं. त्या रागाच्या पत्रापासून तीन पत्रं तू मला पाण्याखालच्या घरातून लिहिलीस आणि मी मूर्खासारखा ओसरीच्या गोष्टी करत होतो. ढवळीजवळ जाऊन पोरासारखा रडलो. राग अजून गेला नाही. पण तू माझ्या जागी असतीस तर मीही तेच केलं असतं, हे कळतं. म्हणून आणखी राग येतो.

दोन श्रावणांचं कॅप्टनांना सांगितलं. ते खुर्चीवरून पडायचे राहिले. आता दुरुस्त करायची सोय नाही. गावानं ठराव केलाय की दरसाल नोव्हेंबरातल्या त्याच शनिवारी कुत्री जुंपायची नाहीत आणि पंगत बसवायची. पोरं आत्तापासून येळकोटाची उजळणी करतात.

पण हे पत्र दुसऱ्याच कारणासाठी आहे. शहरातल्या श्वानमंडळानं ही जात वेगळी म्हणून मानली. आता ज्याच्या घरी तिचा वंश सुरू झाला, त्या घराण्याचं नाव लावायचं असतं. त्या घरात जन्मलेल्या प्रत्येक पिल्लाच्या नावाआधी ते लागतं. ते एकदा लागलं की कुणाला पुसता येत नाही, विकत घेणाऱ्यालाही नाही. कॅप्टन म्हणाले, "वाढवलंस तू, नाव तू सांग." मी विचार करायला थांबलोच नाही. म्हटलं, मुळशी.

डूलीच्या टोपीतल्या पिल्लाचं नाव आता मुळशीचा डूली आहे. म्हातारा ते सगळ्यांना पूर्ण सांगतो. शहरातून आणखी मागणी आली आहे. ती जिथं जातील तिथं नाव जाईल.

पण गाव माझ्या एकट्याचं नव्हतं. आपल्याकडं कुत्रा ही शिवी आहे, हे मी विसरलेलो नाही. कागद कॅप्टनांच्या खिशात आहे, अजून टपालात टाकलेला नाही. गेणबातात्यांना विचार. ते नको म्हणाले तर फाडून टाकीन. पुसता येत नाही म्हणून विचारतोय.

जयसिंग

*

उरवडे
१६ एप्रिल १९२९

जयसिंगास,

आशीर्वाद. विचारलं.

मुळशीची माणसं उरवड्यात जितकी आहेत तितकी सगळी बोलावली. आमच्या घरात मावली नाहीत, म्हणून बाहेर पिंपळाखाली बसलो. उरवड्याचेही आले, फुकटचं ऐकायला मिळतं म्हणून. मी वाचलं. नावापाशी आले आणि ती ओळ मी दोनदा वाचली.

गेणबातात्या उठले. मला वाटलं, गेले. पण ते उभे राहूनच बोलले. "आमच्या गावाचं नाव कुत्र्याला? घर गेलं, जिमीन गेली, आता ह्येबी ऱ्हायलं व्हतं? हितली लोकं काय म्हन्तील?" तुझे दाजी मध्ये बोलायला गेले, तात्यांनी हातानंच थांबवलं.

तेव्हा आई बोलली. बसल्या जागेवरूनच, गुडघे चोळत. "तात्या, तुमी नाव घेत न्हाईसा. माजी नातवंडं उरवड्याची म्हनून सांगत्यात, त्यास्नी मुळशी ठावं न्हाई. सरकारच्या तोंडात धरण हाय, मुळशी न्हाई. मग कोन घेनार नाव? मानसं इसरत्यात. कुत्र्यांच्या वंशाला तरी लागू द्या."

तात्यांनी मला विचारलं, "त्यो डूली, आदी बंदूक घिऊन आल्याला, त्यो नाव कसं घेतो म्हनलीस?"

मी म्हटलं, "पूर्ण घेतो तात्या. मुळशीचा डूली. सगळ्यांना सांगतो."

"मुळशीचा," तात्या म्हणाले. दोन वर्षांत मी त्यांच्या तोंडून ते पहिल्यांदा ऐकलं. उरवड्याचा पाटील शेजारीच बसला होता. तात्या त्याच्याकडं वळले आणि पूर्वी चावडीवर बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "ऐकलं का? आमी मुळशीचे. आमचं नाव बर्फात चालतं."

कागद टाक, जयसिंग. आणि तात्यांनी जाता जाता सांगितलं आहे ते त्यांच्याच शब्दांत लिहिते: "त्येला म्हनावं, लई पिल्लं हुंद्यात."

रंभा